गंज बरोबर होता

जगातलं पाणी संपलं होतं आणि नायिकेचे केस धुतलेले होते. नुसते धुतलेले नाहीत, शिकेकाई लावून, उन्हात वाळवून, वाऱ्यावर सोडलेले. पडद्यावर माणसं एका डबड्यातल्या गढूळ घोटासाठी एकमेकांच्या नरडीला धरत होती आणि हिचा एक केस दुसऱ्याला चिकटलेला नव्हता. मला तिथेच किळस आली. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीला मी म्हटलं, "हिच्या घरी टँकर येतो काय?"

तिने मांडीवरची पिशवी जरा घट्ट धरली.

त्या पिशवीत काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. नागपूरच्या एका चित्रकला महाविद्यालयाचा फॉर्म होता. त्यावर पालकाची सही हवी होती आणि पुढच्या शनिवारी दुपारच्या आत तो पोस्टात पडायला हवा होता. मुलगी नुकतीच बारावी झाली होती. तिला सिनेमा-नाटकाचे सेट, गाड्या, कपडे रंगवायचं काम शिकायचं होतं. ते काम असतं तरी कसं, हे बापाला तोंडाने सांगायची तिची हिंमत नव्हती, म्हणून ती मला ते दाखवायला घेऊन आली होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड तिला आईकडून आलेली. मला वाटलं, पोरीला पिक्चर पाहायचा आहे आणि एकटीला जायची परवानगी मिळणार नाही, म्हणून बापाला धरून आणलं.

मी लष्करी ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात एक्झामिनर होतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या खोटी शोधायच्या, आणि त्याचाच पगार घ्यायचा. आमच्या सेक्शनची एक रीत होती. खोट सापडली की ती कागदावर लिहायची, कुठे आहे, किती आहे, कोणाच्या हातून झाली. खोट नसेल तर काहीही लिहायचं नाही. शिक्का मारायचा आणि नग पुढे ढकलायचा. 'छान' लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता. एखादा फिटर आपलं काम घेऊन समोर उभा राहिला आणि मी दहा मिनिटं चूप राहिलो, की तो हसत परत जायचा. माझ्या चूप राहण्यावर लोकांनी एकमेकांना चहा पाजलेला मी पाहिला आहे.

ही रीत माझ्या मागोमाग घरी कधी आली ते मला कळलं नाही. भाजी चांगली झाली की मी मुकाट्याने जेवायचो, मीठ जास्त पडलं की बोलायचो. बायकोला हे लग्नानंतर चार-पाच वर्षांनी उमगलं असावं, कारण मग तिने विचारणंच सोडलं. मुलीलाही कळलं असेल असं मी धरून चाललो होतो. कारखान्यातल्या फिटरांना कळतं, तर घरच्या पोरीला काहून नाही कळणार?

ती आठवीत असताना जबलपुरातल्या आमच्या चेरीतालच्या मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर तिने रंगवलं होतं. थर्माकोलचं मंदिर, पण रंगवलं असं की लोक हात लावून पाहायचे, दगड आहे की काय. दगडाच्या सांध्यातली काळी ओल, पायरीची झिजलेली कड, सगळं होतं त्यात. मी पंधरा मिनिटं त्यासमोर उभा राहिलो. ती मागे उभी होती. मी तिला सांगितलं की डावा खांब एक सूत बाहेर आला आहे. बाकी कशाबद्दल मी एक शब्द काढला नाही, म्हणजे माझ्या लेखी ते सगळं पास होतं. पुढच्या वर्षी तिने मखर करायला नकार दिला. मला वाटलं, नववीचा अभ्यास वाढला.

आता त्या सिनेमाकडे येतो.

टॉकीज म्हणजे घाण होती, दुसरा शब्द नाही. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात पानाच्या पिंका, इतक्या जुन्या की त्यावर नव्या पिंका टाकायला लोकांना जागा शोधावी लागत असेल. माझ्या खुर्चीचा फोम कोणीतरी कुरतडून नेला होता. पडद्याजवळचं दार कोणी उघडलं की मुतारीचा वास सरळ बाल्कनीपर्यंत यायचा. मागच्या रांगेतला एक जण भुईमुगाची टरफलं माझ्या कॉलरवर टाकत होता. मी वळून पाहिलं तर म्हणाला, "अरे अंकल, सामने देखो ना, सामने."

समोर तरी काय होतं? इंग्रजी सिनेमा, हिंदीत बोलणारा. जगाचा नाश झालेला आणि खलनायक आपल्याकडच्या गावठी ठाकुरासारखा हसायचा. नदी आटून गेलेल्या एका शहरात नुसते पूल उरलेले, आणि त्या पुलांना आगगाडीचे डबे टांगून लोक त्यात राहायचे. नायक लांब लाल कोट घालून भर वाळवंटात हिंडायचा, पण काखेत घामाचा डाग नाही. पेट्रोल जगातून संपलं असं पहिल्याच वाक्यात सांगितलं, आणि मग अडीच तास सगळे जण गाड्या पळवत होते, तेही खालच्या गिअरमध्ये. दाढीवर गॅसचे मुखवटे चढवून विषारी धुळीतून चालत होते. दाढीवर मुखवटा घट्ट बसत नाही, हे कोणत्याही शिपायाला विचारा. बुटांना पॉलिश होतं. खलनायकाने नायकाला खांबाला बांधलं आणि आपला सगळा बेत सविस्तर सांगितला, तोवर याने दोर सोडवून घेतला. दोर बांधणारा कोण होता ते काही दाखवलं नाही. मी त्याला मेमो दिला असता.

आणि शेवट तर असा की ज्या पाण्यासाठी एवढे मुडदे पडले होते, ती पाण्याची टाकीच नायकाने बॉम्बने उडवून दिली. दुष्टांच्या हाती लागू नये म्हणून. पाणी सगळं वाळूत गेलं आणि टॉकीजमध्ये शिट्ट्या पडल्या. अक्कल गहाण टाकलेली माणसं, पडद्यावरचीही आणि खुर्च्यांवरचीही.

हे झालं जे मी तेव्हा बोललो ते. जे बोललो नाही ते आता लिहितो, कारण ते गिळून बसल्याची मला आजही सिनेमापेक्षा जास्त किळस येते.

पहिल्या दहा मिनिटांत एक ट्रक पडद्यावर आला आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. हळदीत चुना पडल्यावर येतो तसा आभाळाचा रंग, त्याखाली तो एकटा ट्रक, आणि त्यावर गंज. गंज मला माहीत आहे. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या पत्र्यावर तो कुठून सुरू होतो, हे मी रात्री झोपेतून उठवलं तरी सांगीन. सिनेमावाले साधारणपणे सगळीकडे तपकिरी रंग फासतात आणि म्हणतात, घ्या गंज. इथे तसं नव्हतं. इथे तो बोल्टच्या भोकापासून निघाला होता आणि तिथून खाली ओघळला होता. दाराच्या खालच्या घडीत, जिथे पाणी साचतं, तिथे पत्रा खाऊन टाकलेला. त्याच्या वर रंगाला फोड आलेले, कारण गंज आधी रंगाच्या आत शिरतो आणि मग बाहेर दिसतो. आणि दाराच्या कडीपाशी, जिथे ड्रायव्हरचा हात रोज पडत असणार, तिथे गंज अजिबात नव्हता. तिथला पत्रा घासून चकचकीत झालेला.

तो हात पडद्यावर कुठेच दाखवलेला नव्हता. पण कोणीतरी बसून विचार केला होता की या दाराला रोज एक हात लागत असेल. त्यानंतर सिनेमाभर मी तेवढंच शोधत होतो आणि प्रत्येक ठिकाणी ते सापडत होतं. टांगलेल्या डब्यांच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या. कोटाच्या कोपरावरचा लाल रंग उडालेला. गोष्ट लिहिणाऱ्याला काडीची अक्कल नव्हती, पण त्या सिनेमाच्या वस्तू ज्यांनी केल्या ते माझ्या जातीचे लोक होते. मला मजा येत होती. इतकी की मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा मला राग आला.

मध्यंतरात मुलीने समोसे आणले. समोशाच्या चटणीला कालचा वास होता. तिने माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं, "बाबा, गाड्या पाहून राहिले ना तुम्ही?"

मी म्हटलं, "पाहिल्या. वेल्डिंग पाहिलं काय? धातूचे थेंब तसेच सोडून दिले. आमच्याकडे असा वेल्डर असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता."

"वेल्डिंग नाही हो. रंग पाहा ना. तो गंज खरा नाही बाबा. पूरा पेंट किया है. कोणीतरी बसून रंगवला तो."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "ही चटणी कालची आहे. तू खाऊ नको."

तिला हवं ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मला गंज दिसला होता, तिने सांगायच्या आधी दिसला होता. पण ते काम बिनचूक होतं, आणि बिनचूक कामावर मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

सिनेमा संपल्यावर पडद्यावर नावांची रांग लागली. मुलगी बसूनच राहिली. नावं इंग्रजीत होती आणि ती बोटाने हवेत काहीतरी मोजत वाचत होती. मी उभा राहून म्हटलं, "चल, स्कूटर काढायला गर्दी होईल." ती उठली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "खोव्याची जलेबी खाऊ ना बाबा." मी म्हटलं, ते तेल सकाळपासून कढईत आहे. मग स्कूटरवरून चेरीतालपर्यंत मी एकेक खोट मोजून सांगितली. केस, पेट्रोल, बूट, दाढी, दोर, टाकी. वाऱ्यामुळे मला मान वळवून ओरडून सांगावं लागत होतं. मला फार छान वाटत होतं, आणि सिनेमा आवडल्याशिवाय कोणी इतक्या खोटी ध्यानात ठेवतं का, एवढी साधी गोष्ट तिला कळत असेल असं मी गृहीत धरलं होतं. शेवटी मी म्हटलं, "सब नकली. पैसा पाण्यात घालतात लोक. पोटापाण्याचं काही काम नाही काय यांना?"

मागून ती म्हणाली, "अच्छा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तर बायकोने डबा दिलाच नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कळते तरी काय काल तुम्ही काय करून आले ते?" मग तिने फॉर्मचं सांगितलं. महिन्याभरापासून तो घरात होता. पोरीने चित्रांची गुंडाळी तयार केली होती. नागपूरला माझ्या बहिणीला पत्र घालून राहायचं विचारून ठेवलं होतं, आणि बहिणीने हो म्हटलं होतं. बाहेर सगळी तयारी झाली होती, घरातल्या बापालाच तेवढं विचारायचं राहिलं होतं.

मी म्हटलं, "मग सरळ विचारायचं ना. मी काय वाघ आहे?"

बायको म्हणाली, "कालच विचारलं तिने. अडीच तास विचारून राहिली होती ती."

त्या दिवशी कारखान्यात मी काय तपासलं ते मला आठवत नाही. नागपूर आमच्या घरात फार जुनी गोष्ट. माझे वडील अमरावतीकडचे, नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हा नोकरीसाठी जबलपूरला आले. मग राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. तेव्हापासून आमच्याकडे नागपूर म्हणजे लग्नाला आणि मयतीला जायचं गाव. शिकायला कोणी गेलं नव्हतं. पोरीला पाठवायला माझी ना नव्हती. खर्चही जमला असता. मी स्कूटरवर घरी येताना पक्कं ठरवलं की आज सही करायची.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "आण तो फॉर्म."

तिने आणला. मी वाचलाही नाही, सही केली. तिने तो उचलला नाही. समोर उभी राहून म्हणाली, "आईने सांगितलं म्हणून केली ना?"

"कोणी का सांगेना. झाली ना सही?"

"बाबा, एक विचारू? काल पिक्चर आवडला काय तुम्हाला?"

एवढंच विचारलं तिने. बायको भाजी चिरायची थांबली. मला चांगलं कळत होतं की आता काय बोलायचं आहे. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "ठीक होता. ते गंजाचं काम बरं केलं होतं."

तिचा चेहरा असा उजळला की मी तो आजही विसरलो नाही. ती म्हणाली, "हो ना? दरवाजाजवळ पाहिलं तुम्ही? जिथे हात..."

आणि मी म्हटलं, "पण एवढा गंज चढवणारा माणूस वेल्डिंग तसंच सोडतो म्हणजे काय? अर्धवट काम."

जित्याची खोड, दुसरं काय. ते वाक्य माझ्या मनातही नव्हतं. नग समोर आला आणि तोंड आपोआप उघडलं, बस. ती वाक्याच्या मधेच थांबली होती ती तशीच थांबली. मग म्हणाली, "चलो, ठीक है. राहू द्या बाबा. तुमच्यासारख्या माणसालाच ते नकली वाटते, तर मी कोणाच्या भरवशावर जाऊ तिकडे?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, आणि भांडणात कदाचित खरं काय ते बाहेर पडलं असतं.

सही केलेला फॉर्म रेडिओच्या बाजूला पडून राहिला. मंगळवारी होता, बुधवारी होता. येता-जाता मला दिसायचा. मी काही बोललो नाही. सही केली होती, आणि माझ्या लेखी सहीनंतर बोलायचं काही उरत नाही. ती रोज माझ्याकडे पाहायची आणि मी रोज चूप राहायचो. माझ्या चूप राहण्यात होकार आहे हे कारखान्यातल्या दोनशे माणसांना कळत होतं. बायको एकदा म्हणाली, "बोला तिच्याशी." मी म्हटलं, "बोललो ना."

ती आता इथल्याच महाराजपूरला असते. नवरा रेल्वेत आहे, ती एका बँकेत. दर रविवारी येते, माझी औषधं पाहते, मराठी कमी आणि हिंदी जास्त बोलते. कामात हुशार आहे असं तिच्या बँकेतले लोक मला सांगतात. घरात तिने रंगवलेली एकही वस्तू नाही. सुखी आहे का, हे मी तिला विचारलेलं नाही, आणि विचारलं तर ती काय म्हणेल याची मला भीती वाटते.

त्या आठवड्याचं एक राहिलं. ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. शनिवारी आमची सुट्टी दुपारी व्हायची. मी कारखान्यातून निघालो, तो घरी न जाता सरळ त्याच टॉकीजवर गेलो आणि तीनच्या खेळाचं तिकीट काढून तोच सिनेमा पुन्हा पाहिला. एकट्याने, पुढे सरकून, सुरुवातीपासून पडद्यावरची नावं पुसली जाईपर्यंत. मुतारीचा वास येत होता, टाकी पुन्हा फुटली, लोकांनी पुन्हा शिट्ट्या मारल्या. मला तो पहिल्या वेळेपेक्षाही जास्त आवडला. पोस्ट तोवर बंद झालं होतं. मला ते माहीत होतं. आत शिरण्याआधी मी घड्याळ पाहिलं होतं आणि मनाला सांगितलं होतं की तिने सकाळीच टाकला असेल.

घरी येऊन मी सांगितलं, ओव्हरटाइम होता. मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसून गावातल्याच कॉलेजचा बी.कॉम.चा फॉर्म भरत होती. सुवाच्य अक्षर, कुठे खाडाखोड नाही. तिने तो माझ्यापुढे सरकवला. मी वरपासून खालपर्यंत तपासला, त्यात काही खोट सापडली नाही, आणि एक शब्दही न बोलता सही केली.